रात्रीच्या ड्युटीसाठी कमांडचा कागद: सांगलीतल्या एका सपोर्ट टीमचं प्रकरण

## पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेकडे एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. हळद, गूळ, बेदाणा यांच्या अडत दुकानांचे हिशेब, शीतगृहांतल्या मालाच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाची बिलं), व्यापाऱ्यांची येणी हे सगळं तिच्या सॉफ्टवेअरवर चालतं. कंपनीचं, माणसांचं आणि ज्या दुकानाच्या बाबतीत हे घडलं त्याचं नाव इथे दिलेलं नाही. कागदपत्रं नव्याने लिहिण्यासाठी मला नंतर बोलावलं गेलं. त्याआधीचा भाग सर्व्हरचे लॉग आणि टीममधल्या लोकांचं बोलणं यांवरून लिहिला आहे.

प्रत्येक दुकानाचा डेटाबेस वेगळा, पण सगळे एकाच पोस्टग्रेस सर्व्हरवर (पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर). २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या महापुरानंतर कंपनीने सर्व्हर तळमजल्यावरून वर नेला आणि रोज रात्रीचा बॅकअप पुण्यातल्या एका मशीनवर पाठवायला सुरुवात केली. बॅकअप पीजी-डंपने (पोस्टग्रेसची बॅकअप काढायची कमांड) कस्टम फॉरमॅटमध्ये घ्यायचा, आरसिंकने (फाइली दुसऱ्या मशीनवर नेणारी कमांड) पाठवायचा, वेळ क्रॉनने (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) सांभाळायची. व्यवस्था साधी आणि चांगली होती.

सपोर्टला बहुतेक मुलंमुली नुकतीच बीसीए, बीसीएस झालेली. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूरकडची. लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, त्यांना परकं नव्हतं, पण रोजच्या सवयीचंही नव्हतं. हंगामात दुकानं उशिरापर्यंत हिशेब मिळवत बसतात, म्हणून रात्री एक जण ड्युटीवर असायचा. एकटाच.

या मुलांसाठी एक वर्ड फाइल होती. वरिष्ठ प्रोग्रामरने काही वर्षांत, कामातून वेळ काढून, मनापासून लिहिलेली. सर्व्हरबद्दल विचारता येईल ते जवळजवळ सगळं तिच्यात होतं.

## त्या रात्री काय झालं

हळदीचा हंगाम होता. रात्री एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला. "ताई, कालची एक पट्टी आज वेगळीच दिसायला लागलीय. वजनाचा आकडा कुणीतरी बदललाय बघा. काल काय होता तेवढं सांगा, सकाळी शेतकरी दारात येऊन उभा राहील."

ड्युटीवरच्या मुलीने जे ठरवलं ते बरोबर होतं. काल रात्रीचा बॅकअप चाचणीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवायचा, तिथे ती पट्टी बघायची, चालू डेटाबेसला हात लावायचा नाही. अनुभवी माणसानेही हेच केलं असतं.

तिने चाचणीसाठी रिकामा डेटाबेस तयार केला, वर्ड फाइल उघडली आणि 'रिस्टोअर' (बॅकअप परत उतरवणं) शोधलं. पहिल्या राखाडी चौकटीत दोन पायऱ्या होत्या. आधी त्या दुकानाची सर्व्हिस (त्याच्या डेटाबेसला जोडलेला, सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्राम) बंद करा. मग कमांड: पीजी-रिस्टोअर, डॅश लहान सी, डॅश कॅपिटल सी, डॅश डी पोस्टग्रेस, आणि शेवटी बॅकअप फाइलचं नाव. (कागदावर कमांड रोमन अक्षरांतच होत्या, इथे त्या आपण तोंडाने वाचतो तशा लिहिल्या आहेत.)

डॅश डीच्या पुढे डेटाबेसचं नाव येतं हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तिथलं 'पोस्टग्रेस' काढून चाचणीच्या डेटाबेसचं नाव घातलं आणि एंटर दाबलं.

कमांडला जोडलेल्या अशा डॅशवाल्या सूचनांना पर्याय म्हणतात. आता या तीन पर्यायांचा एकत्र अर्थ बघा. लहान सी म्हणजे क्लीन: आधी जे आहे ते पाडून टाका. कॅपिटल सी म्हणजे क्रिएट: डेटाबेसच नव्याने तयार करा. आणि क्रिएट दिलं की डॅश डीचं काम बदलतं. डॅश डीला दिलेल्या डेटाबेसला पीजी-रिस्टोअर फक्त जोडून घेतं, तिथे उभं राहून जुना डेटाबेस पाडायचा आणि नवा बनवायचा हुकूम सोडतं. डेटा मात्र बॅकअप फाइलमध्ये ज्या डेटाबेसचं नाव नोंदलेलं असतं त्यातच जातो. फाइलमध्ये नाव होतं चालू डेटाबेसचं.

एरवी इथे एक अडसर आला असता. डेटाबेसला कुणी जोडलेलं असेल तर पोस्टग्रेस तो पाडू देत नाही. पण चौकटीतली पहिली पायरी तिने नीट पाळली होती, सर्व्हिस बंद होती. चालू डेटाबेस पाडला गेला, काल रात्रीच्या बॅकअपवरून पुन्हा उभा राहिला, आणि दिवसभराचे सौदे, वजनं, पट्ट्या त्यातून गेल्या. पडद्यावर एकही चूक दिसली नाही.

तिला दिसलं ते एवढंच की चाचणीचा डेटाबेस रिकामा आहे. फाइल खराब असावी असं वाटून तिने वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "चालूमध्ये आजची शेवटची नोंद किती वाजताची दिसतेय?" आजची नोंद नव्हतीच.

त्या दिवसाचा डेटा दुसरीकडे कुठेही नव्हता. सकाळी टीममधले दोघं मार्केट यार्डात त्या दुकानी जाऊन बसले आणि काट्याच्या चिठ्ठ्या, सौद्यांच्या कार्बन प्रती समोर घेऊन नोंदी पुन्हा भरल्या. दुकानदाराने समजून घेतलं. कागद जपून ठेवायची जुनी रीत तिथे टिकून होती म्हणून निभावलं.

## प्रश्न नेमका कुठे होता

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "सगळं लिहिलंय की तिथं." ते खरं होतं. त्याच पानावर, चौकटीच्या खाली तिसऱ्या परिच्छेदात, क्रिएट दिल्यावर डेटा फाइलमधल्या नावाच्या डेटाबेसमध्ये जातो हे वाक्य होतं. पोस्टग्रेसच्या मूळ कागदपत्रांतही ते स्वच्छ शब्दांत आहे, पर्यायाच्या वर्णनात आणि शेवटच्या उदाहरणांतही. चौकटीतली कमांडही चुकीची नव्हती. सर्व्हर बुडाला आणि नव्या मशीनवर सगळं उभं करायचं असेल तर तीच योग्य. ती महापुराच्या आठवणीतून लिहिलेली होती.

म्हणजे माहिती होती, ती बरोबर होती, ती जवळ होती, आणि तरीही ती पोचली नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते इथेच आहे. म्हणून कुणाचं चुकलं यावर वेळ न घालवता मी एक विनंती केली: लोक ही फाइल कशी वापरतात ते आधी बघू द्या.

सपोर्टच्या एकेकाला एकेक काम दिलं. चाचणीच्या मशीनवर, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, समोर तीच फाइल. मी मागे बसलो आणि बोललो नाही. जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं जे त्या मुलीने केलं होतं. कंट्रोल-एफ, कामाचा शब्द, पहिली राखाडी चौकट, कॉपी, नावं बदलणं, एंटर. चौकटीच्या वरचा मजकूर कुणी वाचला नाही, खालचा तर नाहीच. ज्यांनी ही फाइल पूर्वी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती त्यांनीही नाही.

याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. फोनवर दिवाणजी थांबलेले आहेत, दुसऱ्या खिडकीत टर्मिनल उघडं आहे. त्या वेळी माणूस शिकायला आलेला नसतो, त्याला फक्त हात कुठे ठेवायचा ते हवं असतं. औषधाचा इशारा खोक्यातल्या घडीच्या कागदावर असून भागत नाही, तो बाटलीवरच लागतो. तसंच चौकटीबाहेर लिहिलेली सूचना त्या क्षणी अस्तित्वातच नसते.

युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्या वळणावर बनलं ती जुनी प्रणाली. तिच्या मॅन्युअलची पानं आपण अजून वापरतो. त्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची. कमांडचं नाव, ती लिहायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, ठाऊक असलेले दोष अशी त्या पानांची बांधणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही, आणि ती उत्तम आहे. पण ती कमांडचं नाव माहीत असलेल्या माणसासाठी आहे. त्याला विचारायचं असतं, 'ही कमांड काय काय करते?' रात्रीच्या ड्युटीवरचा प्रश्न उलटा असतो: 'मला हे करायचंय, कुठली कमांड?' वर्ड फाइल पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होती आणि वापरली जात होती दुसऱ्यासाठी.

## कोणते पर्याय तोलले

मालकांचा पहिला कल बंदीकडे होता. रात्री रिस्टोअर करायचंच नाही, वरिष्ठांनाच उठवायचं. काही दिवस तसं चाललंही. पण हंगामात रोज रात्री झोपमोड झाल्यावर वरिष्ठ फोनवर कमांड सांगू लागले आणि इकडे मुलं ऐकून टाइप करू लागली. लहान सी की कॅपिटल सी हे फोनवर ऐकून लिहिण्यापेक्षा कागद बरा, हे सगळ्यांना लगेच पटलं.

दुसरा पर्याय म्हणजे आहे तीच फाइल छाटून बारीक करायची. वरिष्ठांना हा आवडला होता, आणि बहुतेक ठिकाणी हाच निवडला जातो. मी याला विरोध केला. छाटलेल्या फाइलची मांडणी तीच राहते, फक्त स्पष्टीकरणं जातात. धोका तेवढाच आणि शिकायला आधार कमी. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात वाचायला ती जाड फाइलच हवी. म्हणून ती ठेवायची आणि झटपट बघायचा कागद वेगळा लिहायचा, हे माझं म्हणणं.

तिसरा पर्याय तयार मजकुराचा. टीएलडीआर-पेजेस नावाचा मुक्त प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. एकेका कमांडचं एकच छोटं पान, कामाचं एक वाक्य आणि खाली कमांड, एका पानावर जास्तीत जास्त आठ उदाहरणं असा त्यांचा नियम आहे. पीजी-रिस्टोअर, आरसिंक, टार सगळ्यांची पानं तिथे मिळतात. ती मुलांना दाखवली आणि आवडलीही. पण आपल्या सर्व्हरवर बॅकअप कुठे असतात, चाचणीच्या डेटाबेसला नाव कसं द्यायचं, कशाला हात लावायचा नाही, हे बाहेरच्या पानाला कळणार कसं? त्यांचा आठाचा नियम मात्र आम्ही उचलला.

खरी चर्चा झाली ती चौथ्या पर्यायावर. एक तरुण प्रोग्रामर म्हणाला, "कागद कशाला? स्क्रिप्ट लिहून देतो, सगळ्या कमांड ओळीने चालवणारी फाइल. दुकानाचं नाव विचारेल, बाकी सगळं आपोआप." सुरक्षिततेच्या दृष्टीने हे सगळ्यात भक्कम होतं, कारण स्क्रिप्टमध्ये क्रिएट नसलं तर ते चुकून दिलंच जाणार नाही. वरिष्ठांची हरकतही खरी होती: ज्या रात्री स्क्रिप्टच चालणार नाही त्या रात्री आत काय आहे ते कुणालाच माहीत नसेल. शेवटी ठरलं ते असं. 'कालचा डेटा बाजूला उतरवून बघणं' या एकाच, वारंवार लागणाऱ्या कामाला स्क्रिप्ट, आणि ती स्क्रिप्ट आतली प्रत्येक कमांड चालवण्याआधी पडद्यावर दाखवेल. बाकी कामांना कागद.

## कागद कसा घडला

आधी कामांची यादी हवी होती. सपोर्टच्या टेबलावर एक वही ठेवली आणि सांगितलं की फाइलमध्ये काही शोधावं लागलं की काय शोधलं ते आपल्या शब्दांत लिहा. त्या वहीतली वाक्यंच पुढे कागदावरची शीर्षकं झाली. 'कालचा डेटा बघायचाय, आजच्याला धक्का न लावता.' 'पुण्याला बॅकअप पोचला का?' 'डिस्क भरत आलीय, कशाने?' 'रात्रीचं शेड्यूल बदलायचंय.' कमांडची नावं शीर्षकात कुठेच नाहीत. खुलासे मराठीत, कमांड अर्थात आहे तशा. यावर फार बोलावं लागलं नाही.

मग प्रत्येक चौकटीबद्दल एक नियम ठरवला, आणि बाकीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघाले: चौकट एकटी उचलली तरी ती बरोबर ठरली पाहिजे. आजूबाजूचं काहीही वाचलेलं नाही असं धरूनच ती लिहायची.

कमांडमधले पर्याय लांब रूपात लिहायचे की एका अक्षरात, यावर वरिष्ठांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, लांब ओळी कागदावर मोडतात आणि टाइप करताना चुकतात. पण एकच अक्षर प्रत्येक कमांडमध्ये वेगळं बोलतं. आरसिंकमध्ये डॅश एन म्हणजे नुसती रंगीत तालीम, प्रत्यक्षात काही न करता काय होईल ते दाखवणं. पीजी-रिस्टोअरमध्ये त्याच डॅश एनने फक्त एक स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा एक गट) निवडला जातो, आणि बाकीचं काम खरोखर होतं. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपमध्ये तो ओळींचे क्रमांक दाखवतो. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) सांगायला दुसऱ्या मशीनवर शिरणाऱ्या एसएसएचला लहान पी लागतो, तिथे फाइल पाठवणाऱ्या एससीपीला कॅपिटल. मदत मिळेल म्हणून पोस्टग्रेसच्या कमांडला डॅश एच दिलं तर ती होस्टचं, म्हणजे ज्या मशीनला जोडायचं त्याचं, नाव मागते. आरसिंकवर हात बसलेला मुलगा पीजी-रिस्टोअरवर 'आधी डॅश एनने बघून घेतो' म्हणाला, तेव्हा वाद मिटला. कागदावर सगळीकडे लांब रूप: ड्राय-रन, क्लीन, क्रिएट. ज्याला लहान रूप येतं त्याने खुशाल ते टाइप करावं.

जिथे आपलं नाव भरायचं ती जागा कशी दाखवायची? जुन्या फाइलमध्ये ती टोकदार कंसांत होती. पुस्तकात ते ठीक दिसतं, शेलमध्ये (टर्मिनलवर टाइप केलेली ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ते घातक आहे. उघडणारा टोकदार कंस म्हणजे या फाइलमधून वाच, बंद होणारा म्हणजे पुढच्या फाइलमध्ये लिही. डेटाबेसचं नाव कंसांत आणि त्यापुढे बॅकअप फाइलचं नाव अशी ओळ न बदलता पेस्ट केली, तर शेल ते नाव फाइल म्हणून उघडायला जातो. तशी फाइल नसेल तर तिथेच थांबतो, नशीब. पण त्या नावाची फाइल त्या फोल्डरमध्ये असेल तर पुढची पायरी म्हणून बॅकअप फाइल रिकामी करून तिच्यात लिहायला घेतो. म्हणून कंस पूर्ण बंद. भरायची जागा मोठ्या रोमन अक्षरांतल्या एका शब्दाने दाखवली, आणि तो शब्द असा निवडला की त्या नावाचा डेटाबेस किंवा फाइल आपल्याकडे कधीच नसेल. कुणी जसंच्या तसं पेस्ट केलंच तर निरुपद्रवी चूक येते, एवढंच.

प्रत्येक कमांडखाली 'आता हे दिसलं पाहिजे' अशी एक ओळ आली. मला विचाराल तर पूर्ण कागदात सगळ्यात मोलाची ओळ हीच. त्या रात्री चाचणीचा डेटाबेस रिकामा दिसला, पण तो रिकामा असणं म्हणजे डेटा दुसरीकडे गेला, हे सांगणारं समोर काही नव्हतं. आता तिथे लिहिलंय: चाचणीच्या डेटाबेसमध्ये टेबलं दिसली पाहिजेत, दिसली नाहीत तर कमांड पुन्हा चालवू नका, चालू डेटाबेसमधली शेवटची नोंद तपासा आणि फोन करा. आरसिंकलाही या ओळीचा उपयोग झाला. मूळ फोल्डरच्या नावामागे तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरच जाऊन बसतो. हा नियम पाठ करवण्यापेक्षा 'पुण्याच्या फोल्डरमध्ये थेट तारखांची नावं दिसली पाहिजेत' हे सांगणं सोपं.

पाडणाऱ्या, पुसणाऱ्या कमांड या कागदावर ठेवल्याच नाहीत. क्लीन आणि क्रिएट असलेली ती चौकट, आरसिंकचा डिलीट पर्याय, डेटाबेस काढून टाकणं हे सगळं वेगळ्या लाल पानावर गेलं, आणि ते पान उघडायला दुसरा माणूस फोनवर तरी हवा असं ठरलं. क्रॉनबद्दल एक ओळ मात्र साध्या कागदावरही घेतली. शेड्यूल बदलायला क्रॉनटॅब (क्रॉनचं वेळापत्रक सांभाळणारी कमांड) डॅश ई लागतं. कीबोर्डवर ईच्या शेजारचं आर चुकून पडलं, तर त्या युजरचं सगळं शेड्यूल सहसा एकही प्रश्न न विचारता पुसलं जातं. म्हणून त्या चौकटीत आधी शेड्यूलची प्रत फाइलमध्ये काढायची ओळ आणि मगच बदलायची ओळ, दोन्ही एकत्र.

वर्ड सोडणंही भाग होतं. वर्ड दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, आणि मग पेस्ट केलेली कमांड चालत नाही. एका जुन्या चौकटीत पोर्टचा आकडा मराठी कीबोर्डने टाइप झाल्यामुळे देवनागरीत होता. सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणला, कोडबरोबर एकाच ठिकाणी ठेवला, आणि टर्मिनलवरच 'मदत' टाइप केलं की लेसमध्ये (टर्मिनलवर मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडेल अशी सोय केली. तिरकी रेघ आणि शब्द टाइप केला की शोधता येतं. एक छापील प्रत भिंतीवर.

शेवटची अट: ज्याने चौकट लिहिली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने चाचणीच्या मशीनवर चालवून खाली तारीख आणि पोस्टग्रेसची आवृत्ती लिहायची.

## पुढे काय झालं

पुढच्या हंगामात 'कालचा डेटा बघायचाय' ही विनंती रात्री अनेकदा आली आणि स्क्रिप्टने ती पार पडली. वरिष्ठांना रात्री येणारे फोन कमी झाले. जे येतात ते वेगळ्या प्रकारचे, कागदावर नसलेल्या गोष्टींचे. भिंतीवरच्या कागदाच्या तळाशी 'इथे नसेल तर थांबा आणि फोन करा' ही ओळ आहे, आणि मुलं खरंच थांबतात. पूर्वी थांबणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं वाटायचं. आता कागदच थांबायला सांगतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सर्व्हरवर पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली, त्यानंतर बॅकअप हाताने घ्यायची चौकट बंद पडली, कारण तिच्यात जुन्या पीजी-डंपचा मार्ग होता. पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या मोठ्या आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला नकार देतं. ते मोठ्याने अडलं म्हणून लगेच कळलं. चौकटीखालची आवृत्ती वाचून कारणही मिनिटात सापडलं. तरी अपग्रेडच्या कामांच्या यादीत 'कागद तपासणे' ही नोंद नव्हती, ती नंतर आली.

दुसरी अडचण उत्साहाची. प्रत्येकाला आपली आवडती कमांड कागदावर हवी होती. आठाचा नियम इथे कामी आला: नववी आणायची तर कुठली काढायची ते सांगा. यावरून थोडी नाराजी झाली, पण नियम मोडला नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, ती राखाडी चौकट दुसऱ्याच दिवशी सकाळी काढायला हवी होती. नवा कागद तयार होईपर्यंत ती तशीच राहिली, कारण सगळ्यांचं लक्ष नव्या कामाकडे होतं. शिवाय फाइलच्या प्रती कुणाकुणाच्या फोनमध्ये होत्या. मजकूर घातक ठरतोय हे कळल्यावर तो आधी काढायचा आणि मग सुधारायचा, हा क्रम पाळला गेला नाही.

दुसरी गोष्ट कागदाच्या पलीकडची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सपोर्टची मुलं पोस्टग्रेसच्या सर्वाधिकारी युजरनेच काम करत होती. डेटाबेस पाडता येतो तो त्याच्या मालक युजरला किंवा सर्वाधिकाऱ्याला. सपोर्टसाठी वेगळा युजर असता आणि त्याला फक्त चाचणीचे डेटाबेस बनवायची परवानगी असती, तर त्या रात्री तीच कमांड 'परवानगी नाही' म्हणून अडली असती. हे काम कागद झाल्यावर हाती घेतलं गेलं. क्रम उलटा हवा होता. आधी अधिकार आवळायचे, मग उरलेल्या कामांसाठी कागद लिहायचा. कागद कितीही चांगला असला तरी पेंगुळलेल्या डोळ्यांसमोर तो एकटा पुरत नाही.

तिसरं, दिवसभराच्या नोंदी कार्बन प्रतींवरून भरायची वेळ यायलाच नको होती. पोस्टग्रेसमध्ये बदलांचे लॉग सतत साठवून डेटा हव्या त्या क्षणापर्यंत परत आणता येतो. ही सोय २००५ च्या ८.० आवृत्तीपासून आहे. कंपनीने ती आता मोठ्या दुकानांसाठी सुरू केली आहे. लॉग सर्व्हरपातळीवर साठतात, एकेका डेटाबेसचे वेगळे नाहीत, त्यामुळे एकाच दुकानाला मागे नेणं म्हणजे दुसऱ्या मशीनवर पूर्ण सर्व्हर उभा करून त्यातला एक डेटाबेस काढून आणणं. म्हणून मोठी दुकानं आता वेगळ्या सर्व्हरवर आहेत. हे करण्याच्या पायऱ्या साध्या कागदावर येणार नाहीत. त्या लाल पानावरच राहतील.

लाल पानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरा माणूस फोनवर हवा असा नियम आहे, पण रात्री ड्युटीवर एकच जण आणि वरिष्ठांचा फोन लागत नाही असं झालं तर काय करायचं? मालकांचं म्हणणं, सकाळपर्यंत थांबा, दुकान दोन तास बंद राहिलं तरी चालेल. सपोर्टची मुलं म्हणतात की सौदे सकाळी सुरू होतात तेव्हा दिवाणजींना हे सांगणार कोण? सध्या पानावर दुसरा आणि तिसरा फोन नंबर लिहिला आहे, आणि तिसराही नाही लागला तर थांबायचं असं आहे. ज्या दुकानांना हे मान्य नाही त्यांच्याशी हंगामाआधी बोलणी करायची ठरली आहेत.